स्वस्त स्कोप आणि स्प्रिंगरचा दुहेरी धक्का: चाचणीची पुढची नोंद

स्वस्त स्कोप (नेम धरायच्या दुर्बिणी) एअरगनचा धक्का सोसतात का, ही चाचणी अजून मागच्याच रायफलवर चालू आहे: ०.१७७ बोअरची (नळीचा आतला व्यास, इंचांत), नळी मोडून ताणायची स्प्रिंगर (स्प्रिंगने पिस्टन ढकलून हवेच्या दाबाने छर्रा मारणारी), छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आतली, म्हणजे परवाना न लागणारी. एअरगनवर स्कोपची काय परीक्षा होणार, असं बरेच जण विचारतात. काडतुसाच्या रायफलीचा धक्का खांद्याकडे येतो. स्प्रिंगरमध्ये पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे जाते, आणि तो टोकाशी दाबलेल्या हवेवर अडला की लगेच पुढे हिसडा खाते. या उलट्या हिसड्याची तयारी बऱ्याच स्वस्त स्कोपमध्ये नसतेच. खोक्यावर ‘रिकॉइलप्रूफ’ छापलेलं असलं तरी आपल्या रायफलीसाठी त्यावर विसंबू नका.

कुठल्याही स्कोपला नापास करण्याआधी माउंट (स्कोप रायफलीवर धरून ठेवणारी पकड) बघायचा, हा माझा ठाम नियम आहे. रायफलीवरच्या ११ मिमीच्या रेलवर (माउंट बसवायच्या पट्टीवर) माउंटच्या कडेला मार्करने रेघ मारून ठेवायची. रायफल पुढे झेपावते, स्कोप जडत्वाने जागीच राहू पाहतो, म्हणून माउंट हळूहळू डोळ्याकडे सरकतो. दोन तुकड्यांच्या माउंटची रेघ लवकरच हलली. एकसंध माउंटची स्टॉप पिन (सरकू न देणारी खिट्टी) रिसीव्हरवरच्या, म्हणजे रायफलीच्या धडावरच्या, भोकात बसवल्यावर रेघ हलली नाही. पुढचे सगळे निकाल याच माउंटवरचे आहेत.

४x३२ चा (४ पट मोठं दाखवणारा, ३२ मिमी भिंगाचा) स्कोप निकामी झाला. काच शाबूत, रेटिकल (आतली नेमाची फुली) सरळ, पण ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या छर्ऱ्यांचा पुंजका) पसरत गेला. मग २५ मीटरवर, टरेट (नेम सरकवायची बटणं) फिरवून, चौकोन चाचणी घेतली: २० क्लिक उजवीकडे, २० वर, २० डावीकडे, २० खाली. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक या अंतरावर साधारण १.८ मिमी, म्हणजे चौकोनाची बाजू ३६ मिमीच्या आसपास यायला हवी. चौकोन जुळून बंद झालाच नाही. टरेटवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केली की पुढचा छर्रा वेगळीकडे जाई. स्कोपच्या आतली इरेक्टर नळी (टरेट फिरवला की हलून नेम सरकवणारी) अडकून बसत होती. असा स्कोप वरून निरोगी दिसतो आणि माणूस महिनोन्‌महिने स्वतःच्या नेमबाजीला दोष देत राहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा स्कोप, ३-९x४०, पॅरालॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं) जुळवता येणारा, टिकून आहे आणि मनापासून आवडलाय. मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. नळी मोडून ताणायच्या रायफलीत बंदुकीची नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते, त्यामुळे झिरो करताना (छर्रा नेमावर लागेल असा स्कोप जुळवताना) वरचा टरेट जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावा लागतो. तिथे इरेक्टरची स्प्रिंग सैलावते, इरेक्टर नळीवर पुरेसा दाब राहत नाही आणि प्रत्येक हिसड्याला झिरो भटकतो. माउंटच्या मागच्या रिंगमध्ये (स्कोप धरणाऱ्या कड्यात) स्कोपखाली पातळ पट्टी दिली, टरेट मधल्या पट्ट्यात आणला, ग्रुप पुन्हा एकवटला. पट्टी जाड झाली तर रिंग स्कोपच्या नळीला चेपते. झुकाव जास्त असेल तर उताराचा (मागून उंच) माउंटच घ्यावा.

रेड डॉटचा (बॅटरीवर चालणाऱ्या, प्रकाशाच्या ठिपक्याने नेम दाखवणाऱ्या साधनाचा) ठिपका धक्क्याला क्षणभर विझतो. बॅटरीखालची संपर्कपट्टी थोडी वर वाकवल्यावर विझणं कमी झालं, थांबलं नाही. तो स्प्रिंगरवरून उतरवला.

पावसाळ्याआधी ३-९ कोमट पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते बघणार आहे. हिसड्यांनी सील सैल झालं असेल, तर कोकणच्या दमट हवेत भिंगांवर आतून वाफ आणि बुरशी धरायला वेळ लागत नाही.