सांगलीतले सहा डेबियन पीसी : डाउनलोड वेगळं, इन्स्टॉल वेगळं

विश्रामबागच्या अभ्यासिकेतले पाच पीसी आता डेबियन (लिनक्सवर आधारलेली संगणक प्रणाली) १३ वर आलेत. सहावा ३२-बिट आहे. १३ मध्ये त्यासाठी कर्नलही (प्रणालीचा गाभा) नाही आणि इन्स्टॉलरही, त्यामुळे तो १२ वरच राहील.

आधी डेटाचं. तेच कर्नल प्रत्येक पीसीने वेगळं उतरवायचं कारण नाही. कायम चालू असणाऱ्या पीसीवर एपीटी-कॅशर-एनजी टाकलंय: एकदा उतरवलेली पॅकेजं साठवून बाकीच्या पीसींना देणारा प्रोग्राम. ते ३१४२ पोर्टवर चालतं. बाकीच्यांवर एपीटीच्या (पॅकेजं उतरवून बसवणारं डेबियनचं साधन) कॉन्फिगमध्ये प्रॉक्सीची, म्हणजे या मधल्या पीसीच्या पत्त्याची, एक ओळ पुरते. बाहेरचा एचटीटीपीएस रेपो (पॅकेजांचा साठा) जोडलेला असेल तर ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' असा एरर येतो. एचटीटीपीएसची वेगळी सेटिंग नसली की एपीटी तीच प्रॉक्सी वापरतं आणि कॅशर ती जोडणी अडवतं. एचटीटीपीएस प्रॉक्सीपुढे 'डायरेक्ट' लिहा, काम होतं. डेबियनचे रेपो मात्र साध्या एचटीटीपीवरच ठेवा, नाहीतर कॅशमध्ये काहीच साठणार नाही. सुरक्षेची काळजी नको: पॅकेजांच्या यादीवरची डिजिटल सही एपीटी तपासतं आणि प्रत्येक पॅकेज यादीतल्या हॅशशी (फाइलच्या ठशाशी) ताडून बघतं.

खरी डोकेदुखी लाइटची. पावसाळ्यात ती कधी जाईल याचा नेम नाही. डाउनलोड अर्धवट तुटलं तर बिघडत नाही, राहिलेलं पुढच्या वेळी येतं. इन्स्टॉल तुटलं की मात्र पंचाईत. म्हणून रात्री फक्त 'एपीटी अपडेट' आणि 'एपीटी फुल-अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली'. इन्स्टॉल सकाळी, इन्व्हर्टर भरलेला असताना, स्क्रीनसमोर बसून. कॉन्फिग फाइल बदलायची का, असा प्रश्न येतो तेव्हा माणूस समोर हवाच. नुसतं एंटर दाबलं की आपली फाइल राहते आणि नवी शेजारी 'डीपीकेजी-डिस्ट' शेपटीने पडून राहते. त्या फाइली नंतर शोधून जरूर वाचा.

एवढं करूनही मध्येच लाइट गेली, तर क्रम असा: 'डीपीकेजी --ऑडिट' ने (डीपीकेजी म्हणजे एपीटीच्या खाली प्रत्यक्ष पॅकेजं बसवणारं साधन) अर्धवट पॅकेजं बघा, मग 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. लॉक फाइल (एका वेळी एकच इन्स्टॉल चालावं म्हणून असलेली) हाताने उडवू नका. लॉक धरलेला दिसला तर बहुधा मागे आपोआप अपडेट चालू असतं, ते संपू द्या.

कर्नल बसताना लाइट गेली तर इनिटआरडी (सुरू होताना कर्नलला लागणारी फाइल) नीट तयार न होता राहू शकते आणि मग नवं कर्नल रूट, म्हणजे मुख्य डिस्क विभाजन, माउंट होत नाही म्हणून पॅनिक करून थांबतं. ग्रबच्या (पीसी सुरू होताना दिसणारा मेनू) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून मागचं कर्नल सुरू करा, वरचा क्रम पूर्ण करा आणि शेवटी 'अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल' चालवा. यासाठीच मागचं कर्नल काढायची घाई करू नये. बूट विभाजन (कर्नल जिथे राहतं तो डिस्कचा भाग) भरलं असलं तरी अशीच लक्षणं दिसू शकतात, तेव्हा आधी 'डीएफ -एच' ने मोकळी जागा बघा. १३ वर जाण्यापूर्वी तिथे ३०० एमबी मोकळी असू द्या.

राहिलेलं काम: कॅशमध्ये १२ आणि १३ दोन्हींची पॅकेजं साठतात, तेव्हा जुनी काढायची वेळ ठरवायची आहे.