मार्गरीटचं घर

शनिवार, रात्री

आज अमेरिकेतल्या ऑरेगन सिटीला मॅक्लॉक्लिन दांपत्याच्या जुन्या घरी तिसऱ्यांदा जाऊन आले. साधं, दुमजली, पांढरं लाकडी घर. पण पाय निघत नाही तिथून.

जॉन मॅक्लॉक्लिन हडसन्स बे या ब्रिटिश फर-व्यापारी कंपनीचे इथले मुख्य अधिकारी. ऑरेगन ट्रेल या पश्चिमेकडे येणाऱ्या लांबलचक वाटेने महिनोन्‌महिने चालून आलेली अमेरिकन कुटुंबं उपाशी, फाटक्या कपड्यांत पोचायची. या माणसाने त्यांना धान्य दिलं, बियाणं दिलं, तेही उधारीवर. कंपनीला ते रुचलं नाही. शेवटी नोकरी सोडून ते १८४६ मध्ये विलामेट धबधब्याजवळच्या या नव्या घरात राहायला आले. आणि १८५० च्या जमीन कायद्याने त्यांच्याच दाव्याची जमीन काढून घेतली! त्यांचं खाऊन जगलेल्यांपैकी कितीतरी जण तेव्हा गप्प बसले. १८६२ मध्ये वारसांना जमीन परत मिळाली, पण मॅक्लॉक्लिन स्वतः १८५७ मध्येच वारले होते.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे माणसं फिरली, वासे मात्र टिकले. पुढे या घराचं हॉटेल झालं, मग गिरणी कामगारांची खोल्यांची चाळ झाली. १९०९ मध्ये कागद गिरणीला जागा हवी होती, तेव्हा ते पाडलं जाणार होतं. काही लोकांनी ते अख्खं उचलून टेकडीवर नेलं, मॅक्लॉक्लिन यांनीच गावाला दिलेल्या बागेच्या जागेत. हे ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आजही आला.

मी मात्र जाते ती त्यांच्या बायकोसाठी, मार्गरीटसाठी. आई आदिवासी, वडील स्विस व्यापारी. पहिल्या नवऱ्यापासूनची मुलं पदरी; तो १८११ मध्ये टॉन्क्विन या व्यापारी जहाजावर मारला गेला. दुसरा नवरा जॉन. त्यांच्याहून ती वयाने मोठी. तिच्यासमोर कुणी टोपी न काढता उभा राहिला तर ते खवळायचे, असं सांगतात. पण बाहेर आदिवासींची जमीन वाटली जात असताना या घरात बसून तिला काय वाटत असेल? नवऱ्याने ज्यांना बियाणं दिलं, ते पेरायला जमीन कुणाची होती, हे तिला कळत नसेल कसं? नवऱ्याच्या कर्तृत्वाच्या पाट्या वाचताना मला दर वेळी हाच प्रश्न पडतो.

ती १८६० मध्ये गेली. दोघांची थडगीही नंतर घराशेजारी आणली. निघताना दोन मिनिटं तिच्याच बाजूला उभी राहिले. खालून नदीचा गार वारा येत होता.