गोदाकाठ राइड लॉग: त्र्यंबक ते नांदूरमधमेश्वर

मंडळी, गोदाकाठच्या राइड्सचा अपडेट बरेच दिवस राहिला होता. सीझन संपत आलाय, दहा वाजताच ऊन चटके देतंय, तेव्हा सगळं एकदाच लिहून टाकतो. टार्गेट सोपं होतं: त्र्यंबकपासून नांदूरमधमेश्वरपर्यंत गोदावरीच्या जमेल तितकं जवळून रोड बाईकवर जायचं आणि मोठा रस्ता शक्य तेवढा टाळायचा. कुठल्या गावातून आत शिरता त्यावर एका बाजूचं अंतर ७५ ते ८० किमीच्या आसपास भरतं. आधी तुकड्यातुकड्यात केलं, मग फेब्रुवारीत सलग.

आणि माझं मत आधीच सांगतो, शिव्या नंतर घाला. नाशिकची वाईन राइड म्हणून आपण सगळे जी टाकतो ना, म्हणजे गंगापूर रोड, सुला वायनरी, गंगापूर धरण, फोटो आणि परत, ती या खोऱ्याचा जेमतेम चतकोर तुकडा आहे. भारी आहेच, नाही म्हणत नाही, पण द्राक्षांचा खरा पसारा बघायचा तर शहर ओलांडून नदीबरोबर खाली निफाडकडे उतरायला लागतं आणि तिकडे आपल्यातलं कोणी फिरकत नाही.

वरून सुरू करतो. त्र्यंबक सातशे मीटरच्या वर आहे, नाशिक सहाशेच्या आतबाहेर, म्हणजे तीसेक किमीत शंभरेक मीटरचा उतार, कागदावर अगदी फुकटचा. प्रत्यक्षात नाशिकहून वर जाताना हाच चढ जाणवतच नाही आणि तोच त्रास असतो, रस्ता सपाट दिसतो पण स्पीड येत नाही, आणि माणूस विनाकारण ब्रेक घासतोय का म्हणून वाकून वाकून बघत बसतो. पावसाळ्यात त्यात पश्चिमेचा वारा तोंडावर. अंजनेरीच्या पुढे ब्रह्मगिरी ढगातून बाहेर आला की मात्र सगळं माफ. या भागात बागा जवळपास नाहीत, भात आणि नागलीची खाचरं आहेत, कारण पाऊसच तेवढा आहे. हाच पाऊस निफाडपर्यंत जाताजाता इतका आटतो की तिकडे द्राक्ष जमतं. एका सकाळच्या राइडमध्ये भात, मग द्राक्ष, मग ऊस असं पीक बदलताना दिसतं, मला तरी या रूटचं सगळ्यात जास्त अप्रूप याचंच आहे.

त्र्यंबक रोडचं सध्या काही खरं नाही. २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, खडी, धूळ, डायव्हर्जन, आज होता तो पॅच उद्या असेलच असं नाही. श्रावणी सोमवारी, त्यातही तिसऱ्या सोमवारी प्रदक्षिणेच्या गर्दीत तर सायकल घरीच बरी, आणि पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या असतात तेव्हाही. म्हणून मी येताना धरणाच्या दक्षिण अंगाच्या गावांतून आत शिरतो, गंगावऱ्हे, सावरगाव करत गंगापूर गावात उतरतो. अरुंद रस्ता, छोटे छोटे चढउतार, उजव्याडाव्या हाताला वाईनच्या बागा आणि मधेच गंगापूर धरणाचं पाणी. १९६५ चं मातीचं धरण आहे हे, लांबून नुसती हिरवी टेकडी वाटते.

वाईनची बाग ओळखायची सोपी खूण म्हणजे ओळी. खायच्या द्राक्षाला बहुतेक मांडव किंवा वाय (इंग्रजी Y आकाराचा आधार) असतो, वेल डोक्यावर पसरलेला, खाली सावली. वाईनच्या द्राक्षाला सरळ उभी कुंपणासारखी रांग. शिराझ, कॅबरने, सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां वगैरे. मणी बारीक, जाड सालीचे, बियांचे. साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत तोडणी चालते आणि तेव्हा सकाळी सकाळी क्रेट भरलेले ट्रॅक्टर वायनरीकडे चाललेले असतात, त्यांच्या मागे ड्राफ्टिंगचा, म्हणजे वारा चुकवायला अगदी चिकटून चालवायचा, मोह आवरा, ते सांगून वळत नाहीत. सुलाची पहिली बाटली २००० साली बाजारात आली आणि त्यानंतर हा सगळा पट्टा बदलला, आता वीकेंडला मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. त्यामुळे शनिवार-रविवार नऊच्या आत इथून बाहेर पडायचं. टेस्टिंगचं काय विचारणाऱ्यांसाठी: ते उघडायच्या आत आपण घरी आंघोळ करून पोहे खात असतो, प्रश्नच मिटला.

नदीच्या उत्तर अंगाला गिरणारेचा रूट आहे तो मला जास्त आवडतो. जलालपूर, दुगाव, गिरणारे. गिरणारेचा टोमॅटोचा बाजार माहीतच असेल, सीझनला तिथे पिकअपच्या गर्दीत सायकल हातात धरून चालायची तयारी ठेवा. पुढे धोंडेगाव, काश्यपी धरण आणि दम असेल तर वाघेऱ्याचा घाट. आपल्याकडे चढाच्या प्रॅक्टिसला सगळे कसाऱ्याला पळतात, पण ट्रॅफिक बघता मी वाघेराच घेईन. येताना मुंगसरे, मातोरी, मखमलाबाद असं उतरलं की द्राक्षबागेत बसून मिसळ खायची सोय आहे, आणि त्या मिसळीनंतरचे शेवटचे किमी लॉगमध्ये धरत नाहीत असा माझा नियम आहे.

आता खालचा पट्टा. शहरातून बाहेर पडणं हा कंटाळवाणा भाग, संभाजीनगर रोडला माडसांगवी, ओढा करत चांदोरीपर्यंत ट्रक सोबतीला. २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून नाशकात सायकलवाल्याला ड्रायव्हर थोडीफार जागा देतात असं माझं निरीक्षण आहे, पण ते शहरापुरतं, ओढ्याच्या पुढे आपली काळजी आपण.

चांदोरीला मात्र थांबाच. नदीचं पाणी खाली गेलेलं असेल तर पात्रातली जुनी दगडी मंदिरं उघडी पडतात, एरवी पाण्यात असतात. तिथून सायखेडा, मग करंजगाव, चापडगाव अशी गावं घेत गेलात की मोठा रस्ता सुटतो. इथे डोळे भरून द्राक्ष. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दर महिन्याला हाच रस्ता वेगळा दिसतो आणि खरंतर या सीझनला मी जी गोष्ट शिकलो ती हीच, रूट ठरवताना वेदर ॲपसोबत बागेचं कॅलेंडर बघायचं. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) होते, बागा नुसत्या काड्या, बघायला काही नाही. त्यानंतर फूट निघाली की डावणी-भुरी या रोगांसाठी फवारण्या, पहाटेपासून ब्लोअर चालू, वारा तुमच्याकडे असेल तर औषधाचा फवारा थेट तोंडावर, तेव्हा बफ नाकावर ओढा नाहीतर सरळ गिरणारे साइडला जा. पाऊस पडला की शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरचा काळा चिखल डांबरावर येतो, तो टायरला बसला की ब्रेक कॅलिपरमध्ये गच्च होतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा असा काही उतरतो की बातम्यांत येतो, शेतकरी मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. पहाटे रस्त्यावर धूर आणि धुकं एकत्र. मागचा लाल लाइट ब्लिंकवर नाही, फुल ठेवा. बोटं बधिर होऊन गिअर पडत नाहीत, फुल ग्लोव्ह्ज घ्याच.

फेब्रुवारी बेस्ट. खायच्या द्राक्षांचे घड भरलेले, कुठे घडांना कागद लावलेले, तोडणीच्या टोळ्या, आणि बागेवाल्याशी दोन मिनिटं बोललात तर हातात घड पडतोच. एनर्जी जेलपेक्षा भारी. फक्त धुऊन खा, आणि न विचारता हात लावू नका राव, आपलं नाव खराब होतं.

दोन वॉर्निंग. पाटाच्या कडेचे रस्ते मॅपवर फार मोहक दिसतात पण बाभळीचे काटे आणि सराटे यांचं ते आगार आहे, मी आता ट्यूबमध्ये सीलंट टाकून २५ वरून २८ मिमीच्या टायरवर आलोय आणि प्रेशर थोडं कमी ठेवतो, फरक पडतो. दुसरं, अंधारात उसाच्या पट्ट्यातून एकट्याने जाऊ नका, निफाड तालुक्यात बिबट्या ही अफवा नसते. त्यात ऊसतोडणीच्या काळात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाइटच नसतो.

नांदूरमधमेश्वरला पोचलात की सायकल लावायची आणि दुर्बीण असेल तर काढायची. शंभर वर्षांहून जुना बंधारा, त्यामागे गाळ साचून झालेली पाणथळ आणि त्यावर जमलेले पक्षी. २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली ती हीच. हिवाळ्यात बदकांचे थवेच्या थवे असतात. क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट घालून पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढू नका, पायऱ्यांवर सरकतात, मी चपला बॅगेत नेतो.

सलग राइडचं सांगायचं तर पाय टिकले, पाठ थोडी बोलली. गेल्या सीझनला साठ किमीनंतर कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) सत्तरच्या खाली यायचा, यावेळी शेवटपर्यंत ऐंशीच्या आसपास राहिला, त्याचं श्रेय मी आठवड्यातल्या त्या कंटाळवाण्या स्लो राइड्सना देतो ज्यांना ग्रुपवर सगळे हसतात. खालच्या पट्ट्यात समोरून वारा होता त्यामुळे ॲव्हरेज काही दाखवण्यासारखा नाही. परत येताना निफाडहून सायकल टेम्पोत टाकली, त्यात लाज कसली.

पुढचा प्लॅन कादवा. ती नांदूरमधमेश्वरलाच गोदावरीला मिळते, म्हणून तिच्या काठाने उलटं वर जायचं, निफाड, पालखेड धरण, दिंडोरी. दिंडोरीत वाईनच्या बागा पण भरपूर आहेत आणि जोर उरला तर वणीपर्यंत. पालखेड ते दिंडोरी आतल्या रस्त्यांची सध्या काय हालत आहे ते कोणी नुकतंच गेलं असेल तर सांगा, २८ वर भागेल का ३२ लावू?