तुम्ही विचारलंत म्हणून: नवी गाडी का नाही घेत?

गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत हा प्रश्न येतोच. "पंधरा वर्षांनी परत रिमोटच्या गाड्यांचं रेसिंग सुरू केलंत म्हणे, मग नवी गाडी का नाही घेत?" विचारणाऱ्याने उत्तर मनाशी ठरवलेलं असतं: पुण्याचा माणूस, इंग्लंडला येऊन वीस वर्षं झाली तरी हात खिशाकडे जात नाही. क्लबातली बारा-चौदा वर्षांची पोरंही हेच विचारतात, फक्त जास्त काळजीने. काकांना परवडत नसेल, असं त्यांना वाटत असावं.

आधी पैशांचं सांगतो. जुनी गाडी स्वस्त पडत नाही. आजच्या चाकांना आत १२ मिलिमीटरचा षटकोनी खाचा असतो, तो माझ्या ॲक्सलवर बसत नाही. मग जुन्या मापाची रिम शोधा, नाहीतर ॲक्सलच बदलून घ्या. पुढची आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, मोडली तर क्लबातल्या दुकानाच्या टेबलावर ती नसते. रात्री जागून लिलावात बोली लावावी लागते, आणि समोर माझ्यासारखाच दुसरा हट्टी कुठेतरी जागा असतो.

गाडी म्हणजे रिमोटवरची बग्गी, खडबडीत जमिनीवर पळणारी. खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाची, साधारण दोन विती लांब, दीड किलोची, मागच्या दोन चाकांवर चालणारी. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये आम्हीच कार्पेट अंथरतो, पाइपांनी ट्रॅक आखतो, लाकडी उड्या मांडतो आणि रात्री सगळं गुंडाळून ठेवतो. शर्यत पाच मिनिटांची. पात्रता फेऱ्यांत गाड्या एकामागून एक सोडतात, कारण प्रत्येकाची लढाई घड्याळाशी असते. फायनलला मात्र सगळ्या एकदम सुटतात. आपली शर्यत संपली की रिमोट ठेवायचा आणि पुढच्या हीटसाठी, म्हणजे पुढच्या गटाच्या शर्यतीसाठी, मार्शल म्हणून ट्रॅकवर उभं राहायचं, उलटलेल्या गाड्या सरळ करायला. गाडी मोडली म्हणून मार्शलिंगला दांडी मारणारा माणूस क्लबात कोणालाच आवडत नाही.

माझी गाडी टीम असोसिएटेडची बी-फोर. २००३ साली ती बाजारात आली, मी २००४ मध्ये घेतली आणि २००९ पर्यंत पळवली. मग मुलगी झाली, आणि गाडी माळ्यावर गेली. याच कंपनीची १९८४ची आरसी-टेन, सोनेरी ॲल्युमिनियमच्या तळाची, कुणी आणली तर तिच्याभोवती माणसं जमतात, फोटो काढतात. पुढच्याच वर्षी, या मापाच्या ऑफ-रोड गाड्यांच्या कॅलिफोर्नियातल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत, टू-व्हील ड्राइव्हचं विजेतेपद तिने मिळवलं होतं. माझ्या बी-फोरचा फोटो अजून कुणी काढलेला नाही. अँटिक म्हणावी इतकी ती जुनी नाही, आणि नवी तर नाहीच नाही. पन्नाशीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तर आता खरं उत्तर. ट्रॅकवर सेटअपचा, म्हणजे गाडीच्या जुळवणीचा, एक जुना नियम आहे: एका वेळी एकच बदल. शॉकमधलं तेल बदललंत तर त्याच फेरीत कॅम्बरला, म्हणजे चाकांच्या तिरकेपणाला, हात लावायचा नाही. दोन्ही एकदम केलंत आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली तर मग विचारूच नका. पंधरा वर्षांनी परत येताना सगळ्यात मोठा बदल झाला होता तो माझ्यात. नजर, अंगठा, धीर, सगळंच. त्यात गाडीही नवी घेतली असती तर प्रत्येक हुकलेल्या वळणाला मी गाडीकडे बोट दाखवलं असतं. म्हणून ठरवलं, गाडी तीच ठेवायची.

ठरवलं खरं, पण डबा उघडल्यावर नियमाची निम्मी वाट लागली. टायरचं रबर कडक झालेलं, आतला फोम हाताला लागताच भुगा. शॉकच्या ओ-रिंगा, तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, सुकलेल्या. निकेल मेटल हायड्राइडच्या बॅटऱ्या अर्थातच मेलेल्या. आता लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, आली आहे, जुनीपेक्षा शंभरेक ग्रॅमनी हलकी आणि नाजूक स्वभावाची: चार्ज करताना आगरोधक पिशवीत ठेवायची, घरी ठेवून द्यायची तर दर सेलला ३.८ व्होल्टवर आणून. मोटर ब्रशलेस झाली. पूर्वी दोन-चार शर्यती झाल्या की कम्यूटेटर, म्हणजे मोटरमधला तांब्याचा फिरता भाग, छोट्या लेथवर घासायला लागायचा, ब्रश बदलायचे. त्या तांब्याच्या किसाचा वास मला अजून आठवतो. आता काहीच करावं लागत नाही, आणि त्याने मला थोडं चुकल्यासारखं होतं.

रिमोटचं मात्र अजिबात वाईट वाटत नाही. आम्ही ४० मेगाहर्ट्झवाले होतो. प्रत्येकाचा फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल वेगळा, आणि भिंतीवरच्या फळीवरून आपल्या फ्रिक्वेन्सीचा चिमटा घेतल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही. कुणी विसरून केलाच, तर तुमची गाडी सरळ भिंतीवर. २.४ गिगाहर्ट्झने ती कटकट संपवली.

म्हणजे जुनं उरलं काय? सांगाडा आणि स्वभाव. बी-फोरची मोटर मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकते. तिचं वजन मागच्या टायरांवर पडतं, त्यामुळे मोकळ्या मातीवर पकड मिळते, आणि ही गाडी मातीसाठीच जन्मली होती. इथे मात्र आता बहुतेक ठिकाणी कार्पेट आणि ॲस्ट्रोटर्फ, म्हणजे कृत्रिम गवत. तिथे पकड मुळातच एवढी, की मागच्या वजनाचा उपयोग कमी आणि लोढणं जास्त. नव्या गाड्यांची मोटर ॲक्सलच्या पुढे, पोटाशी असते. त्या वळतात माशीसारख्या. माझी वळताना आधी विचार करते. वळणाआधी थ्रॉटल सोडायचा, पण हळूहळू. झटक्यात सोडला की शेपूट बाहेर जातं. हे माझ्या अंगठ्याला पाठ होतं, आणि वहीतही लिहिलेलं होतं, २००६ सालच्या अक्षरात.

याच पाठांतरामुळे एक गोष्ट सापडली. परत आल्यावर पहिले दोन महिने मी एकाच जागी वेळ घालवत होतो: ज्या मचाणावर उभं राहून आम्ही गाड्या चालवतो, त्याच्या अगदी पायाशी असलेल्या वळणांवर. हॉलच्या पलीकडच्या टोकाला गाडी छान जायची आणि जवळ आली की पाइपला घासायची. वास्तविक उलटं व्हायला हवं. गाडी नवी असती तर मी स्प्रिंग बदलले असते, मग तेल, मग बहुधा पुन्हा गाडीच. पण बी-फोर चुकते कशी ते मला माहीत आहे: शेपूट टाकून. इथे शेपूट जागेवर होतं. मीच उशिरा वळवत होतो.

कारण होता चष्मा. प्रोग्रेसिव्ह भिंगं. त्यांचा खालचा भाग पुस्तक वाचण्यासाठी असतो, आणि मचाणावरून पायाशी बघताना मी दहा फुटांवरची गाडी नेमकी त्याच भागातून बघत होतो. धुरकट पुंजका दिसायचा आणि मी त्याला वळवायचो. फक्त लांबचं दिसणारा, एकाच नंबराचा चष्मा करून घेतला. बाकी कशालाही हात लावला नाही. पाच मिनिटांत आख्खी एक फेरी जास्त झाली.

एवढं करूनही मी बी फायनलच्या, म्हणजे दुसऱ्या फळीच्या शर्यतीच्या, मधोमध असतो. नव्या गाडीने ए फायनल गाठेन का? कदाचित शेवटच्या जागेवर. घेणारच नाही असंही नाही. अजून काही बदल तपासायचे बाकी आहेत, आणि मागच्या आर्मचे तीन जोड शिल्लक आहेत.

तूर्त अडचण दुसरीच आहे. लांबच्या चष्म्यातून दीड मिलिमीटरचा स्क्रू दिसत नाही, त्यामुळे पिटमध्ये, गाड्या दुरुस्त करायच्या टेबलांपाशी, जुना चष्मा लागतो, आणि तो मी दर बुधवारी कुठेतरी ठेवून विसरतो. गेल्या वेळी तो मार्शलिंग करताना कपाळावर होता. पलीकडच्या टेबलावरच्या पोराने दाखवला.