अफरवाटच्या उतारावर ताज्या बर्फाखाली

गुलमर्गची गंडोला (केबल कार) अफरवाट पर्वताच्या खांद्यावर सुमारे ३९५० मीटर उंचीवर नेऊन सोडते आणि तिथून स्कीइंगसाठी राखलेली हद्द ओलांडून मोकळ्या उतारावर जाणे फारच सोपे आहे. चढण्याचे श्रम पडलेले नसल्याने त्या उतारावर बर्फ कसा साचत गेला आणि हिमस्खलनाचा धोका किती, हे जाणून घ्यावे असे सहसा कोणाला वाटत नाही, आणि मला खरी चिंता वाटते ती याचीच.

२०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग बराच काळ जवळजवळ कोरडे होते. फेब्रुवारीत जोरदार बर्फ पडला आणि २२ तारखेला खिलनमर्गच्या बाजूला झालेल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेचे नेमके कारण सांगण्याचा अधिकार मला नाही. मात्र असा हवामानक्रम कुठेही धोक्याचाच मानला जातो. बर्फाचा थर पातळ असताना आणि रात्री निरभ्र व कडाक्याच्या असताना खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते, पृष्ठभाग मात्र कितीतरी अधिक थंड होतो. या तफावतीमुळे थरातून वर सरकणारी वाफ जुन्या कणांचे साखरेसारख्या सुट्या, एकमेकांना न चिकटणाऱ्या दाण्यांत रूपांतर करते. त्यावर नवा बर्फ पडतो, धारेवरचा वारा तो आडोशाच्या बाजूला नेऊन दाबून बसवतो आणि एकसंध पाटी तयार होते. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल, तर एका माणसाच्या वजनानेही ती पाटी सुटू शकते. जीवघेण्या घटनांपैकी बहुसंख्य घटनांत हिमस्खलन सुरू होते ते गाडल्या गेलेल्या व्यक्तीमुळे किंवा तिच्याच सोबत्यांमुळे.

पायाखालून ‘धप्प’ असा आवाज येणे किंवा पृष्ठभागावर तडे धावत जाणे म्हणजे खालचा थर ढासळू लागल्याची थेट खूण आहे, आणि तिथून परत फिरणाऱ्या वाटाड्यावर कोणी नाराज होऊ नये.

पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, त्यामुळे सुटका बहुधा सोबत्यांनीच करावी लागते. त्यासाठी प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग लावणारे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) आणि फावडे हवे, आणि ते वापरण्याचा सरावही हवा. पुण्यामुंबईहून हिवाळी हिमालयात जाणाऱ्यांनी आयोजकांना तंबू आणि जेवणाआधी याविषयी विचारावे. उताराचा कोन फोनवरही मोजता येतो. मात्र आपण उभे आहोत तो उतार सौम्य असला, तरी डोक्यावरच्या तीव्र उतारावरची पाटी खाली उभ्या माणसाच्या वजनानेही सुटू शकते, म्हणून वरही पाहावे.