बिडाच्या सिंहमुखांखालचे धुणे

सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर चेफालू नावाचे छोटे गाव आहे. पर्यटक तिथे जातात ते मुख्यतः राजा दुसऱ्या रॉजरने ११३१ साली बांधायला घेतलेल्या कॅथेड्रलसाठी. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. ते पाहून झाल्यावर सावली शोधत एका गल्लीत शिरलो आणि रस्त्याच्या पातळीखाली उतरणाऱ्या काळ्या पायऱ्यांवरून गावाच्या जुन्या सार्वजनिक धुण्याच्या जागी पोहोचलो.

पायऱ्यांचा दगड लाव्हाचा आहे. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड लहानपणापासून पाहिलेल्या नागपूरकराला तो परका वाटत नाही. खाली ठेंगण्या कमानींच्या आत, भिंतींच्या कडेने बिडाची बावीस मुखे बसवलेली आहेत, त्यांपैकी पंधरा सिंहांची, आणि त्यांतून पडणारे चेफालिनो नदीचे पाणी दगडी हौद भरत भरत अखेरीस समुद्राकडे निघून जाते. हौदांच्या काठावर कपडे घासण्यासाठी उतरते दगड आहेत. त्यांतल्या एकावर मी तळहात फिरवला, तेव्हा कडांपेक्षा मधला भाग गुळगुळीत लागला.

आजची बांधणी १५१४ सालची. आधीची जागा थोडी पुढे होती, ती पाडून ही मागे सरकवून बांधली. नदी तेव्हा उघड्यावरून वाहत असे, ती सतराव्या शतकात झाकली गेली. १९९१ मध्ये या वास्तूची डागडुजी झाली.

प्रवेशाच्या डाव्या हाताला भिंतीवर एक ओळ कोरलेली आहे: येथे चेफालिनो वाहते, इतर कोणत्याही नदीहून आरोग्यदायी, चांदीहून निर्मळ, बर्फाहून थंड. आपल्याकडे नदीची अशी थोरवी ऐकायची ती घाटावरच्या देवळात, आरतीच्या वेळी. इथे ती मळकी चादर घेऊन येणाऱ्या बाईच्या वाटेवर लिहिली आहे. मला ती जागा अगदी योग्य वाटली, कारण भर थंडीत कोपरापर्यंत हात बुडवून बसणाऱ्या बाईइतका पाण्याचा गारवा आणखी कोणाला कळणार? आमच्या शहराला ज्या नाग नदीने नाव दिले, तिला नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीत वाढलेली माझी पिढी सरळ नाला म्हणत आली. तिच्यात कोणी कपडा बुडवलेला मी तरी पाहिला नाही.

नागपूरला परतल्यावर आईला फोटो दाखवले. लग्न होऊन आल्यावर कित्येक वर्षे तिने वाड्यातल्या विहिरीपाशी दहा माणसांचे धुणे धुतले आहे. सिंहांकडे तिने फारसे पाहिले नाही. फोटो मोठा करून ती हौदाच्या काठाचा उतार न्याहाळत राहिली, मग म्हणाली, "दगड छान लावलाय, साबणाचं पाणी अंगावर येणार नाही." पुढचा फोटो पायऱ्यांचा होता. त्या तिने बोटाने मोजायला घेतल्या आणि अर्ध्यावरच सोडून दिल्या. "आणि ओलं धुणं घेऊन एवढं वर चढायचं?"