टॅक्स क्रेडिट आणि 84,600 डॉलरची रेघ

यजमानांनी 62व्या वर्षी नोकरी सोडून घरूनच अभियांत्रिकी आराखड्यांची कामे घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून आम्हा दोघांचा आरोग्यविमा अमेरिकेच्या वैयक्तिक विमाबाजारातून, म्हणजे 2010च्या ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’ने उभारलेल्या मार्केटप्लेसमधून, घेतलेला आहे. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, पासष्टीला मिळतो. तोवर सारी भिस्त हप्त्यासाठी सरकार देते त्या टॅक्स क्रेडिटवर.

भारतात आरोग्यविम्याच्या हप्त्यावर मिळते ती उत्पन्नातली वजावट. हे क्रेडिट निराळे. आपल्या भागातील स्वस्तात दुसऱ्या क्रमांकाच्या सिल्व्हर, म्हणजे मधल्या पातळीच्या, योजनेचा हप्ता धरायचा, त्यातून उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांइतका आपला वाटा वगळायचा, आणि उरलेली रक्कम सरकार दरमहा परस्पर विमा कंपनीला देते. आमच्याकडे हा हप्ता दोघांचा मिळून वर्षाला 24,000 डॉलरच्या घरात जातो. 84,000 डॉलर उत्पन्नावर 2026 साली आमचा वाटा 9.96 टक्के, म्हणजे सुमारे 8,366 डॉलर होतो. बाकीचे साडेपंधरा हजारांहून अधिक क्रेडिटमधून भागतात. एवढ्यापुरता विमा नक्कीच परवडतो.

मात्र दोघांच्या कुटुंबाला 2026साठी 84,600 डॉलर, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या चौपट, ही मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की क्रेडिट हळूहळू घटत नाही, सगळेच जाते. आगाऊ मिळालेलेही विवरणपत्र भरताना परत करावे लागते. 2021 ते 2025 या वर्षांत ही रेघ नव्हती, आणि उत्पन्न कितीही असले तरी आपला वाटा 8.5 टक्क्यांवर थांबत असे. त्या सवलतीच्या वादात 2025च्या शरद ऋतूत सरकारी कामकाज 43 दिवस बंद राहिले, तरी ती वर्षअखेर संपलीच. विम्याचा हप्ता वयानुसार चढत जातो, चौसष्टीच्या माणसाला एकविशीतल्याच्या तिपटीपर्यंत. रेघ मात्र दोन्ही वयांना एकच, हा मला सरळ अन्याय वाटतो.

गेल्या आठवड्यात यजमानांना 6,000 डॉलरचे काम चालून आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही रात्री उशिरापर्यंत आकडे मांडत बसलो: काम घेतले तर रेघ ओलांडते आणि सहा हजारांपायी साडेपंधरा हजार जातात. निवृत्तीच्या खात्यात ती रक्कम भरून उत्पन्न खाली आणता येईल, पण ते पैसे गळक्या छपरासाठी हवे होते. त्या गिऱ्हाइकाला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे.